प्रश्नचिन्हानंतरचा भाग

नीळकंठराव हरकरे रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता ज्या माणसाकडे वेळच वेळ पडून आहे त्याला घड्याळ कशाला द्यायचं, हे देणाऱ्यांनाच ठाऊक. पण दिलं, आणि ते यवतमाळच्या त्यांच्या घरात, समोरच्या खोलीत, टीव्हीच्या वर टकटक करत लटकलं. शीलाबाई होत्या तोवर त्याची टकटक कोणाला ऐकू यायची नाही. त्या गेल्या, आणि ते घड्याळ स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायला लागलं.

शीलाबाई राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. रोज एसटीनं जा-ये. गेल्या वर्षी चैत्रात त्यांना साधा ताप आला, तो डोक्यात गेला म्हणाले, आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा साकेत बंगलोरहून आला, तेरा दिवस राहिला, आणि जाताना वडिलांच्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंगचा एक कोर्स लावून देऊन गेला. "बाबा, बसल्या बसल्या शिका. डोकं कामात राहील."

बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार! आणि गंमत म्हणजे नीळकंठराव शिकलेसुद्धा. सकाळी पूजा, मग वरणभाताचा कुकर, मग पायथॉन. साठीच्या घरातला माणूस आणि चष्मा कपाळावर ढकलून स्वल्पविराम शोधत बसलेला. शेजारचे विचारत, "काय करून राहिले, हरकरे साहेब?" तर हे म्हणत, "काही नाही, निंदणी चालू आहे."

हा निंदणी शब्द त्यांचा जुना. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, काढली. तिथे प्रत्येक कागदाला वर्ग असतो. अ वर्ग कायम ठेवायचा. ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग दहा. आणि ड वर्ग म्हणजे पोचपावत्या, स्मरणपत्रं, 'माहितीसाठी' पाठवलेल्या प्रती. हे वर्षभरात फाडायचे. या फाडण्याला कचेरीत निंदणीकरण म्हणतात. आणि निंदणीत हरकऱ्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. कागद हातात घेतला की दोन सेकंदात वर्ग सांगत. हे घरातही चाले. लग्नपत्रिका, ड. मोबाइलवरचे सुप्रभात, ड. दर रविवारी सकाळी चहा पिता पिता ते आपल्या फोनमधले आठवड्याचे सगळे मेसेज पुसून टाकत आणि मगच त्यांना अंघोळ सुचे.

कोर्समध्ये एक धडा होता, वेबसाइटच्या पत्त्याचे तुकडे कसे पाडायचे याचा. तो त्यांना इतका आवडला की त्या दिवशी त्यांनी साकेतला मुद्दाम फोन केला. "अरे, हा तर आपलाच धंदा आहे! पहिला तुकडा म्हणजे टपाल कशानं पाठवायचं, साधं की रजिस्टर. दुसरा म्हणजे कोणतं ऑफिस. मग तिरप्या रेघा आल्या की कोणतं कपाट, कोणता कप्पा. आणि मग प्रश्नचिन्ह आलं की त्याच्यापुढे..."

"प्रश्नचिन्हापुढचा कचरा असतो बाबा," साकेत घाईत होता, त्याची मीटिंग होती. "तुम्ही मला त्या मिक्सरची लिंक पाठवली होती ना हातभर लांबीची? ते सगळं जाहिरातवाल्यांचं असतं. प्रश्नचिन्हापासून पुढचं कापूनच पाठवत जा."

झालं. नीळकंठरावांनी ते वाक्य परिपत्रकासारखं मनात फाइल करून ठेवलं.

आता शीलाबाईंचा फोन. तो कपाटात होता. अधूनमधून ते चार्ज करत, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सिमकार्ड त्यांनी महिन्याभरातच रीतसर अर्ज देऊन बंद केलं होतं, पण घरच्या वायफायवर फोन चाले. फेब्रुवारीत एकदा उघडला तर एक सूचना आलेली. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा शीलाबाईंनी पोरांसाठी पाठ आवाजात भरून ठेवले होते, ती साइट आता बंद होणार होती. कोणी चार तरुणांनी हौसेनं चालवलेली फुकटची साइट. 'एकतीस मार्चपर्यंत आपापले पाठ उतरवून घ्यावेत.'

नीळकंठराव खुर्चीतच बसून राहिले. शीलाबाईंना व्हिडिओचा तिटकारा. लग्नाकार्यात कोणी मोबाइल रोखला की पदर पुढे ओढून निघून जात. तिचा आवाज कुठे उरला असेल तर तो या साइटवर, आणि तो महिन्याभरात जाणार होता. आणि गेल्या दहा महिन्यांत तो आवाज त्यांना आठवेनासा झाला होता. शब्द आठवत. 'जेवायला बसा', 'गॅस बंद केला का', सगळं आठवे, पण आवाज लागत नव्हता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणाला सांगणार? बायकोचा आवाज विसरलो हे माणसानं कोणत्या तोंडानं सांगायचं?

पासवर्ड ठाऊक नव्हता. नवा मागवावा तर तो बंद केलेल्या सिमवर जाणार. साइटवाल्यांना दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. पण फोनमध्ये शीलाबाईंनी स्वतःलाच पाठवून ठेवलेले पाठांचे पत्ते होते, एकशे बारा. पत्ता उघडला की पाठ ऐकता येई आणि उतरवूनही घेता येई. म्हणजे काम सोपं होतं. एकेक पत्ता उघडायचा, पाठ उतरवायचा, संपलं.

पण सोपं काम सोप्या रीतीनं करतील तर ते हरकरे कसले! त्यांच्यानं एकही पाठ उघडवेना. बोट जवळ न्यायचे आणि मागे घ्यायचे. मग त्यांनी मनाची समजूत घातली: आधी फाइल नीट लावू, मग ऐकू. आधी फाइल, मग टिपणी, हाच जन्मभराचा शिरस्ता. चार दिवस खपून त्यांनी एकशे बारा पत्ते लॅपटॉपवरच्या एका फाइलीत आणले. हे लांबच लांब पत्ते, शेवटी नुसती अक्षरांची खिचडी. बघवेनात. त्यांनी प्रोग्राम लिहिला. पत्त्याचे पाच तुकडे पाडायचे, पहिले तीन ठेवायचे, प्रश्नचिन्हापासून पुढचं कापायचं. ड वर्ग. वर एक ओळ जास्तीची घातली, की एकच कागद दोनदा आला असेल तर एकच प्रत ठेवायची. ही तर त्यांची सवयच. आणि निकाल त्याच फाइलीत, त्याच नावानं जतन. दोन-दोन फाइली ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

प्रोग्राम चालला. एकही चूक दाखवली नाही. असा आनंद झाला त्यांना, काय सांगू! त्याच तारेत त्यांनी शीलाबाईंचा फोन संपूर्ण पुसला आणि दुपारी मेव्हण्याकडे देऊनही आले, त्यांच्या घरी एक फोन हवाच होता. काम झाल्यावर मूळ कागद टेबलावर ठेवणारे ते नव्हेत.

घरी येऊन त्यांनी चहा केला, कप घेऊन बसले आणि फाइल उघडली.

फाइलीत एकच ओळ होती.

साइटचं नाव, तिरपी रेघ, 'ऐका'. बस. त्यांनी ती ओळ उघडली तर समोर पान आलं: 'कोणता पाठ?' खाली काही नाही.

कप तसाच राहिला. एकशे बाराही पाठांचं ऑफिस एक, कपाट एक, कप्पा एक. कोणता पाठ हवा ते सगळं प्रश्नचिन्हाच्या पुढे लिहिलेलं होतं, आणि तेवढंच त्यांनी फाडलं होतं. पत्ता कचेरीचा ठेवला आणि अर्जाचा नंबर जाळला! पस्तीस वर्षांत एक अ वर्गाचा कागद ज्याच्या हातून गेला नाही, त्यानं घरातला एकमेव अ वर्ग स्वतःच्या हातानं फाडला. नीळकंठराव मोठ्यानं म्हणाले, "गाढवा!" आणि घरात दुसरं कोणी नसल्यामुळे ते बोलणं कोणाला आहे याबद्दल शंका राहिली नाही.

मेव्हण्याच्या घरी धावले. फोनमध्ये पोराचे गेम आले होते. साकेतला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मूळ फाइलची कॉपी?" नाही. "तुमच्या फोनवर? आई तुम्हालाही पाठवायची ना लिंक?" पाठवायची. रोज पाठवायची. आणि दर रविवारी ती ड वर्गात जायची. "मी सुट्टी बघतो बाबा, एप्रिलमध्ये येतो," साकेत म्हणाला. एप्रिलमध्ये येऊन काय उपयोग हे त्यालाही कळत होतं. आज सव्वीस मार्च.

रात्रभर घड्याळानं टकटक केली. सकाळी नीळकंठरावांनी डब्यात दोन पोळ्या घेतल्या आणि स्टँडवर जाऊन राळेगावच्या एसटीत बसले. शीलाबाईंनी ज्यांना पत्ते पाठवले, त्यांच्याकडे एखादा उरला असेल, एवढीच आशा.

तीस-बत्तीस वर्षं बायको ज्या गाडीनं गेली त्या गाडीत ते त्या रस्त्यानं पहिल्यांदाच चालले होते. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जी?" फाट्याचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "तांड्यावर? तिथं एक मॅडम जात होत्या. याच शीटवर बसत. लई दिवसात दिसल्या नाहीत." नीळकंठरावांनी तिकिटाचे सुटे पैसे मोजल्यासारखं केलं.

फाट्यावरून तांडा दीड किलोमीटर. दोन्हीकडे कापूस संपून पऱ्हाटीचे ढीग लागलेले, ऊन चांगलंच चढलेलं. शाळेत विचारलं तर नवे गुरुजी म्हणाले, "मी आत्ताच बदलून आलो. पण त्या टायमाले पोट्ट्याइले वर्षानं ऐकवलं म्हणतात. किसनसिंगची सून. थे निमाच्या झाडाजवळचं घर."

वर्षा अंगणात तूर पाखडत होती. पंचविशीची, बारावी शिकलेली. तिची सासू बिजलीबाई खाटेवर बसलेली. नीळकंठरावांनी नाव सांगितलं तसं वर्षानं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि वाकून पायाला हात लावला.

"मॅडमचे सर! याडी, मॅडमचे सर आले व!" तिनं सासूला हाक मारली.

बिजलीबाईनं खाट सोडली. "बसा जी साहेब. आमाले उशिरा समजलं. आमी येनार होतो, मग कापूस निंगाला." तिनं डोळ्यांना पदर लावला. "अशी बाई नाई पाह्यली. माह्या सुनेले घरातून भाइर काढली तिनं."

नीळकंठरावांनी सगळं सांगितलं. आपण काय केलं तेही सांगितलं, न लपवता. वर्षा ऐकत होती.

"त्या टायमाचा फोन तर फुटला सर," ती म्हणाली. नीळकंठरावांचा चेहरा पडला. "पन थांबा. वही आहे."

ती आत गेली. डबे सरकवल्याचा आवाज आला. शंभर पानी वही घेऊन ती बाहेर आली, कोपरे उंदरानं खाल्लेले. आत निळ्या पेनानं, एका खाली एक, ओळी:

?p=k7rt2m&kon=varsha
?p=b93xwq&kon=varsha

"फोन ह्यायचा होता ना," ह्यायचा म्हणजे नवऱ्याचा, संजयचा. "ते जिनिंगच्या कामावर घेऊन जात. सांजेले तांड्यात ज्याचा फोन हाताशी सापडन त्याच्यावर मी पाठ लावो. मंग दरवेळी पत्ता टाकाव लागे. समोरचं तर पाठच झालतं मले, रोज तेच ते. मंग समोरचं कायले लिहायचं? जे बदलते तेवढंच लिहून ठेवो." ती थोडी ओशाळली. "मॅडमनंच सांगतलतं. म्हने वर्षा, एक अक्षर सोडू नको, याच्यातच पाठ आहे."

नीळकंठराव वहीकडे बघत राहिले. त्यांनी जे फाडलं नेमकं तेवढंच या पोरीनं ठेवलं होतं.

"किती आहेत?"

"त्रेसष्ट. मंग शाळा उघडली अर्धी, मंग मॅडम सोताच येऊ लागली, मंग मी लिहायचं सोडलं."

एकशे बारातले त्रेसष्ट. एकोणपन्नास गेलेच. तरी त्यांना वाटलं, तिथेच अंगणात बसून रडावं.

वर्षानं संजयचा नवा फोन मागवला. "लावू का एखादा? ऐकाल?"

"नको," ते घाईघाईनं म्हणाले. "घरी जाऊन ऐकतो."

बिजलीबाईनं चहा आणला, काळा, गोडमिट्ट. वर्षानं सगळी पानं त्यांच्या फोनमध्ये फोटो काढून दिली, आणि वर वहीही त्यांच्या पिशवीत घातली. मग सहज म्हणाली, "मॅडम बम कडक होती बरं सर. प्रत्येकाचा पत्ता येगळा धाडे. शेवटी नाव राहे ना, ह्ये पाहा, कोण बरोबर वर्षा. त्याच्यानं तिले घरी बसून दिसे, कोनं ऐकलं, किती येळा ऐकलं. रोज सात वाजता पाहे. ज्याचा शून्य राहे त्याले लगेच फोन. काहून रे, काहून नाही ऐकलं?"

"रोज?"

"हाव जी. एक दिवस नाई चुकली."

नीळकंठरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठलेच. जेवून जा म्हणून दोघी मागे लागल्या, पण गाडीचं निमित्त करून ते निघाले.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीबाहेर काही दिसलं नाही. त्यांना सात वाजताची शीलाबाई दिसत होती. लॉकडाउनची ती दोन वर्षं. ऑफिसात माणूस आलटून पालटून, म्हणून हे घरीच. समोरच्या खोलीत दिवसभर बातम्या लावलेल्या. आज किती वाढले, कुठे वाढले. शीलाबाई मागच्या खोलीत, दाराला गोधडी टांगून, आवाज भरायच्या. मग यांच्या फोनवर पत्ता यायचा. "ऐकून बघा ना हो, आवाज नीट येतो का. मला कळत नाही." आणि सात वाजता ती चष्मा लावून फोनमध्ये काहीतरी बघायची, मग यांच्याकडे बघायची. "ऐकलात का हो?"

"हो. छान झालाय."

रोज. छान झालाय. टीव्हीवरची नजर न काढता. त्यांनी एकही ऐकला नव्हता. पोरांचे पाठ, त्यात काय ऐकायचं! आणि ती म्हणायची, "बरं." एवढंच. आणि आत जाऊन पोळ्या लाटायला घ्यायची. बाकी ज्याचा शून्य त्याला फोन. यांना मात्र कधी विचारलं नाही, काहून नाही ऐकलं म्हणून.

कदाचित माझा पत्ता साधाच असेल, नाव नसेल त्याला, ते मनाशी म्हणाले. कदाचित चुकून बोट लागून एखादा उघडला असेल. काहीही असेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं ते यवतमाळ येईपर्यंत या 'कदाचित'ला धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी वही बघून त्रेसष्ट ओळी टंकल्या. एक एक अक्षर तीनदा तपासलं. मग प्रोग्राम लिहिला, या वेळी उलटा: पुढचे तीन तुकडे आपल्या त्या एका ओळीतून घ्यायचे, शेवटचा वहीतून, आणि जोडायचे. निकाल वेगळ्या फाइलीत, वेगळ्या नावानं. आणि त्या फाइलीच्या आणखी दोन प्रती. त्रेसष्ट पत्ते उभे राहिले. एकेक उघडून, आवाज पूर्ण बंद ठेवून, त्यांनी पाठ उतरवून घेतले. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरांत लिहून येई: वर्षा, ऐकलं ३ वेळा. वर्षा, ऐकलं ५ वेळा. एका पाठाला अकरा वेळा होतं.

काम झालं होतं. साकेतला कळवायला हवं होतं. पण ते उठले नाहीत.

पत्त्याच्या शेवटी 'कोण' होतं. तिथलं नाव बदलता येतं हे त्यांना आता कळत होतं. त्यांनी वर्षाच्या जागी नीळकंठ टाकलं, इंग्रजी अक्षरांत. पान म्हणालं: असा ऐकणारा नाही. त्यांना हायसं वाटलं. मग स्पेलिंग बदलून टाकलं. नाही. हरकरे. नाही. घरात साकेतमुळे सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून बाबा टाकलं. नाही. म्हणजे नव्हतंच नाव! तिनं यांना त्या यादीत घातलंच नव्हतं. चला, सुटलो.

त्यांनी लॅपटॉप मिटायला हात घातला आणि तसेच थांबले.

तेहतीस वर्षांच्या संसारात शीलानं त्यांचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या माहेरची रीत कडक. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आजीनं सांगितलेलं. एवढी शिकलेली बाई, पोरांना विज्ञान शिकवणारी, पण हे एक काही तिनं सोडलं नाही. उखाण्यात घ्यायची, तेही चार बायकांनी दार अडवलं तर. बँकेतल्या मॅनेजरनं विचारलं तरी नाव न घेता पासबुक पुढे करायची. ती दुसरंच काहीतरी म्हणायची. स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, दवाखान्यातल्या खाटेवरून, अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा.

त्यांनी तीन अक्षरं टंकली. kon=aho.

पान उघडलं. पाठ पहिला: पाणी कुठून येतं. आणि खाली, बारीक अक्षरांत:

अहो, ऐकलं ० वेळा.

नीळकंठरावांनी त्रेसष्ट पत्त्यांतलं नाव प्रोग्रामनं एका फटक्यात बदललं आणि एकेक उघडत गेले. ० वेळा. ० वेळा. ० वेळा. एकही चुकलेला नव्हता. त्रेसष्ट दिवस ती सात वाजता हा शून्य बघत होती, आणि तो बघून वर मान करून विचारत होती, आणि छान झालाय ऐकून बरं म्हणत होती. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवत होती. एकशे बारा वेळा. त्यांना आता वाटत होतं की घरात एकटं काय ते आपण आत्ता झालो. ती तर यांच्याशेजारी बसून तेव्हाच एकटी होती.

"भांडायचं तरी होतंस गं," ते म्हणाले. "एकदा तरी."

घड्याळ टकटक करत होतं. दुपारचे साडेतीन. ते स्टुलावर चढले, घड्याळ भिंतीवरून उतरवलं, त्याचा सेल काढला आणि घड्याळ पलंगावर पालथं ठेवलं. मग येऊन बसले, आवाज वाढवला आणि पहिला पाठ लावला.

आधी खरखर. मग एक श्वास. मग, "नमस्कार. आलात का सगळे? वर्षाताई, मागच्यांना पुढे बसव."

हाच. हाच आवाज. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. कसा विसरलो होतो! त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. ती पाण्याबद्दल सांगत होती, विहिरीबद्दल, नाल्याबद्दल. मागे कुठेतरी एक माणूस जोरजोरात आकडे वाचत होता. जिल्ह्यात आज इतके, राज्यात इतके. त्यांना ओळखायला वेळ लागला. तो त्यांचाच टीव्ही होता.

ती थांबली. "थांबा हं मुलांनो, बाहेर जरा आवाज आहे." चपलांचा आवाज, दार लोटल्याचा आवाज, गोधडी सारखी केल्याचा. टीव्ही दूर गेला. ती परत आली आणि राहिलेलं सगळं नीट, न कंटाळता सांगितलं. शेवटी म्हणाली, "आजचं इतकंच. आवाज नीट पोचला का, तेवढं मात्र मला कळवा."

खरखर थांबली. खाली आकडा बदलला. अहो, ऐकलं १ वेळा. तो आकडा सात वाजता बघणारं आता कोणी नव्हतं, आणि चार दिवसांनी आकडाही राहणार नव्हता.

"छान झालाय," नीळकंठराव म्हणाले.

उत्तराची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग चष्मा पुसला आणि दुसरा पाठ लावला.